आंब्याची वाटणी : शिक्षकांच्या हाती आलेली ‘मीना’

युनिसेफच्या ‘मीना’ या अ‍ॅनिमेशन मालिकेतील आंब्याच्या वाटणीची चित्रफीत मी जिल्हा परिषदेच्या शाळेत चौथी-पाचवीच्या वर्गाला दाखवते. दक्षिण आशियातील मुलींच्या प्रश्नांवर १९९० च्या दशकाच्या आरंभी निघालेल्या या मालिकेच्या घडणीत अ‍ॅनिमेशनकार राम मोहन यांचा मोठा वाटा होता. आंबा मीना काढते, मोठा वाटा मात्र भाऊ राजूला मिळतो. मग दोघे एक दिवस कामांची आणि जेवणाची अदलाबदल करतात आणि राजू दमून जातो.

ही कथा कोणालाही दोष न देता मुलांना हिशेब करायला लावते, आणि ग्रामीण शाळेतील शिक्षकाला नेमके हेच हवे असते. अदलाबदल सुरू होताच मी चित्रफीत थांबवते आणि सकाळी उठल्यापासून शाळेत येईपर्यंत घरी कोण काय करते, ते मुला-मुलींकडून फळ्यावर लिहून घेते. मुलगे गुरांचे काम सांगतात, ते योग्यच असते. पण पाणी, झाडलोट, भाकऱ्या, धाकट्यांना सांभाळणे अशी मुलींची यादी वाढतच जाते. ऊसतोड कुटुंबांच्या आमच्या भागात ती यादी अखेर साखर कारखान्यावरच्या कोपीपर्यंत, म्हणजे तोडणी मजुरांच्या झोपडीपर्यंत पोहोचते, कारण धाकट्या भावंडांसाठी थोरल्या मुलीलाच शाळा सोडून सोबत नेले जाते.

चित्रफितीतील घरचे लोक फार लवकर बदलतात, ही तिची खरी उणीव आहे. प्रत्यक्षात आई-वडील ऊसतोडीला गेल्यावर मुलीला गावातच हंगामी वसतिगृहात ठेवण्यासाठी दिवाळीपूर्वीच घरोघरी जावे लागते. शाळा व्यवस्थापन समितीत निम्म्या महिला असाव्यात अशी शिक्षण हक्क कायद्यात तरतूद आहे. या महिला बैठकीत बोलू लागल्या, तर शिक्षकाला मोठे बळ मिळते. शिवाय शाळेतच झाडू मुलींकडे आणि घंटा मुलांकडे असेल, तर मुले पडद्यावरच्या कथेवर विश्वास ठेवणार नाहीत. म्हणून कामांचे वाटप आधी बदलावे, असे मी आग्रहाने सांगेन.

मी हिंदी आवृत्ती वापरते, त्यामुळे मधूनमधून थांबून मराठीत सांगावे लागते. रेंजचा भरवसा नसल्याने चित्रफीत आधीच उतरवून ठेवते. तिसरी ते पाचवीसाठी ती उत्तम आहे. सातवी-आठवीतील मुलींसमोरचे बालविवाहासारखे प्रश्न या एका कथेत मावत नाहीत. त्यांच्यासाठी वेगळे साहित्य निवडावे.