उंच तितकं रुंद? फॉरेस्टटूल्स अनेक महिने वापरल्यानंतरचा अनुभव

गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातल्या एका काजूच्या डोंगरावर फॉरेस्टटूल्स या, उंचीच्या नकाशावरून झाडं शोधून मोजणाऱ्या पॅकेजने मालकाच्या मोजणीच्या तिपटीहून जास्त झाडं दाखवली, म्हणून हे लिहायला बसलोय. मालक त्या डोंगरावर लहानाचा मोठा झालेला. त्याला असला नकाशा दाखवला की तो पुन्हा काम देत नाही, आणि त्याचं बरोबरच आहे.

कॅनोपी हाइट मॉडेल (झाडोरा जमिनीपासून कुठे किती उंच आहे ते दाखवणारा नकाशा) कसं बनतं, आर ही आकडेमोडीची संगणकभाषा, जिच्यात हे पॅकेज चालतं, ती कशी चालवायची, हे वाचणाऱ्यांना माहीत आहे असं धरून चालतो. फॉरेस्टटूल्स फुकट आहे, हे माझ्यासाठी पहिलं कारण. ड्रोनच्या फोटोंवर काम करणारं एक विकतचं सॉफ्टवेअर आधी वापरत होतो. वर्षाची वर्गणी भरूनही झाडं मोजायची सोय वेगळी विकत घ्या म्हणाले, आणि ती आत नेमकं काय करते ते सांगायला तयार नव्हते. इथे सगळं उघडं आहे. व्हीडब्ल्यूएफ हे फंक्शन झाडांचे शेंडे शोधतं, एमसीडब्ल्यूएस हे दुसरं त्या शेंड्यांभोवती माथ्यांच्या हद्दी आखतं. दोन ओळींत काम. २०२३ मध्ये आरजीडाल आणि आरजिओज ही आरमधली नकाशांची जुनी पॅकेजेस बंद पडल्यावर जुन्या स्क्रिप्ट अडल्या होत्या, पण आता हे टेरा आणि एसएफ या नव्या पॅकेजेसवर चालतं. स्थापना, वेग, कागदपत्रं यांबद्दल तक्रार नाही.

तक्रार आहे ती खिडकीच्या सूत्राबद्दल. रास्टरवर, म्हणजे पिक्सेलांच्या त्या उंचीच्या नकाशावर, एक गोल खिडकी फिरते, आणि आपल्या खिडकीत जो पिक्सेल सगळ्यात उंच ठरतो तो शेंडा. ही खिडकी उंचीप्रमाणे मोठी होत जाते, कारण उंच झाडाचा माथा रुंद असणार असं गृहीत धरलंय. पॉपेस्कू आणि विन यांनी २००४ मध्ये व्हर्जिनियातल्या जंगलावर ही पद्धत मांडली. पॅकेजसोबतचा नमुना डेटा कॅनडातल्या कूटनी भागाचा आहे, आणि त्याच्या उदाहरणातलं सूत्र असं: उंची गुणिले ०.०५, अधिक ०.६, म्हणजे खिडकीची त्रिज्या मीटरमध्ये. सूचिपर्णी झाडांना ते शोभतं.

आता आपल्याकडचं बघा. काजू सहा-सात मीटर उंच, पण फांद्या चहूकडे जमिनीला टेकलेल्या, माथा सहज सात-आठ मीटर रुंद. सात मीटर उंचीला वरचं सूत्र ०.९५ मीटरची त्रिज्या देतं. काजूचा माथा वरून उंचसखल, चार-पाच उंचवटे असलेला, आणि प्रत्येक उंचवटा वेगळं झाड ठरतो. मग त्रिज्या वाढवावी, तर चौदा मीटर उंचीची पोफळ मध्ये येते. तिचा माथा जेमतेम दोन-अडीच मीटर, लागवड २.७ मीटरवर. काजूला पुरेशी खिडकी उंचीबरोबर आणखी फुगत पोफळीपर्यंत पोचली की ती शेजारच्या चार पोफळी गिळते. म्हणजे गोव्याच्या बागायतीत हा संबंध नेमका उलटा आहे, जितकं उंच तितकं सडपातळ. मी मे महिन्यात हे लिहिलं असतं तर पाचपैकी दोन तारे दिले असते.

पावसाळ्यात ड्रोन उडत नाही, तेव्हा जुनाच डेटा घेऊन बसलो आणि मत बदललं. खिडकीचं सूत्र आपण स्वतः लिहून देऊ शकतो, आणि ते उंचीवर अवलंबून असलंच पाहिजे असं बंधन नाही. स्थिर आकडा दिला तरी चालतो. म्हणून आता आधी ऑर्थोफोटोवरून (ड्रोनचे फोटो जोडून केलेल्या मापाच्या चित्रावरून) पिकांच्या हद्दी हाताने आखतो, रास्टर तसं कापतो, आणि काजूला तीन मीटर, पोफळीला एक मीटर अशी वेगवेगळी त्रिज्या देतो. काजूसाठी त्याआधी रास्टरवर हलकं गॉसियन स्मूदिंग करतो (शेजारच्या पिक्सेलांची सरासरी घेऊन चढउतार गुळगुळीत करणं), म्हणजे फांद्यांमधले खड्डे भरतात. डोंगराची मोजणी या रीतीने मालकाच्या आकड्याच्या अगदी जवळ आली.

आणखी एक अडचण: दहा सेंटीमीटरच्या पिक्सेलवर पाच मीटरची त्रिज्या दिलीत तर खिडकी १०१ पिक्सेलांची होते आणि काम थांबतं, कारण कमाल मर्यादा ९९ ठेवलेली आहे. मर्यादा बदलता येते, पण पाव मीटरचा पिक्सेल केलेला बरा. वेळही वाचतो, आणि काजूच्या प्रत्येक डहाळीचं झाड होत नाही.

खरा आनंद माडांनी दिला. वाऱ्याने झावळ्या हलतात, फोटोंची जुळणी बिघडते, म्हणून माडांबद्दल मला फारशी आशा नव्हती. पण साडेसात मीटरवर लावलेल्या भाटात (माडांच्या बागेत) तीन मीटरच्या स्थिर खिडकीने माड अचूक टिपले. पडताळणीसाठी मी पाडेल्याचा, म्हणजे माडावर चढून नारळ पाडणाऱ्याचा, आकडा घेतला. त्याला माडामागे पैसे मिळतात, त्यामुळे त्याच्याइतकी चोख मोजणी कोणाकडेच नसते. दोन्ही आकडे जुळले. फरक पडला तो बांधावरच्या एका वाकलेल्या माडाचा. त्याचा शेंडा शेजाऱ्याच्या जमिनीवर होता, बुंधा आपल्या. पॅकेज शेंडा मोजतं, पाडेली बुंधा मोजतो.

तेव्हा चार तारे. काजू किंवा माड एकसारखे लावलेले असतील तर बिनधास्त घ्या. कुळागरासाठी, म्हणजे गोव्यातल्या मिश्र बागेसाठी, मात्र यावर विसंबू नका. माडाखाली दडलेली पोफळ, तिच्यावर चढलेली मिरवेल, कडेची केळ यांतलं वरून फक्त सगळ्यात वरचं दिसतं. शिवाय फोटोंवरून बनवलेल्या मॉडेलला दाट सावलीत जमीन सापडत नाही, तेव्हा उंच्याही कमी येतात. लायडार (लेसरने केलेली मोजणी) असेल तर जमीन सापडते, पण माडाखालची पोफळ कॅनोपी रास्टरमध्ये तरीही उतरत नाही. तिथे मोजायला माणूस पाठवावा लागतो. त्याची मजुरी दरपत्रकात आधीच लिहा, कारण काम झाल्यावर बागायतदार ती देत नाही.