चार जबड्यांचा चक: बारीक आणि वाकड्या मालाला कितपत चालतो?

लाकडाच्या लेथचा 100 मिमीचा, चारही जबडे एकदम सरकणारा चक, म्हणजे माल एका टोकाला धरून फिरवणारी पकड. लाटणी, रव्या, पलंगाचे पाय एवढंच काम असेल तर त्यावर पैसे घालवू नका. ते दोन सेंटरमध्ये, म्हणजे दोन्ही टोकांना टोकदार आधार देऊन, उत्तम होतं. तान्ह्या पोळ्याच्या नंदीची चाकं, करंडे, मुठी करत असाल तर मात्र घ्याच. फक्त चक आला म्हणून काहीही धरेल, या भरवशावर राहू नका.

घेण्याआधी स्पिंडलचे, म्हणजे चक बसतो त्या फिरत्या दांड्याचे, आटे मोजा. चक बहुधा एक इंच व्यास, इंचाला 8 आटे किंवा 33 मिमी व्यास, 3.5 मिमी पिच (दोन आट्यांमधलं अंतर) असा मिळतो. गावातल्या वर्कशॉपात बनलेल्या लेथला यातलं काही बसेलच असं नाही. मग टर्नरकडून अडॅप्टर करून घ्यावा लागतो. चकची पाठ स्पिंडलच्या खांद्याला पूर्ण टेकली पाहिजे, नाहीतर माल डुलतो. जबड्यांवरचे 1 ते 4 आकडे क्रमानेच घाला. क्रम चुकला की जबडे मध्यावर मिळत नाहीत आणि दोष चकवर जातो.

पकड खरी ठरते ती कुसूवर, म्हणजे जबड्यात धरायला मालाच्या टोकाला काढलेल्या आखूड गोल खुंटीवर. 50 मिमीच्या जबड्यांना जवळपास तेवढ्याच व्यासाचा कुसू द्या, 6 ते 8 मिमी लांब, खांद्याकडे किंचित बारीक. खांदा जबड्यांच्या तोंडावर बसावा. कुसूचं टोक तळाला टेकलं तर माल सुटतो. कुसू फारच मोठा असेल तर जबडे फक्त कडांनी चावतात. ओल्या बाभळीचा कुसू एका उन्हाळी रात्रीतही आकसून लांबट होऊ शकतो. सकाळी तसाच चालू करू नका, आधी आवळा.

नंदीच्या चाकाला, म्हणजे 40 मिमी व्यास, 12 मिमी जाडीच्या चकतीला, थेट जबड्यात धरलं की कडेवर चार वळ उठतात आणि एक बाजू कापताच येत नाही. त्यासाठी चकमध्ये बाभळीचा गोल गुटका धरा, समोरून 8 मिमीचा बोल्ट बाहेर काढा. चकत्यांना आधीच 8 मिमीचं भोक पाडून ठेवा, वॉशर-नटने आवळा. गुटका चकमधून काढू नका, म्हणजे सगळी चाकं एकसारखी येतात.

भोक नको असेल तर सागाच्या तुकड्यामागे टाकाऊ गुटका चिकटवा. साग तेलकट, म्हणून आधी थिनरने पुसा. मध्ये वर्तमानपत्राचा कागद घालून फेव्हिकॉल लावा, रात्रभर दाबून ठेवा. काम झालं की पटाशीने कागदावरच फुटतं. ग्लू गनचा गोंद हिवाळ्यात ठीक, मे महिन्यात पत्र्याच्या शेडमध्ये ढिला पडतो.

वाकडी फांदी आधी दोन सेंटरमध्ये धरून कुसू काढा, मगच चकमध्ये घ्या; मिनिटाला 400-500 फेऱ्यांवर सुरू करा, टेलस्टॉक (समोरच्या टोकाचा सरकता आधार) शक्य तितका वेळ टेकलेला ठेवा. रब्बीत गावभर मोटारपंप सुरू झाले की व्होल्टेज पडतं, फेऱ्या मंदावतात, पटाशी अडकते आणि पहिला सुटतो तो बारीक तुकडाच. तेव्हा कडेचं काम थांबवलेलं बरं.

आतून फाकवून धरायची सोय आहे, पण सागाच्या पातळ वाटीला वापरू नका, रेषेत चिरते. सोबत लांब, बारीक जबड्यांचा जोड मिळाला तर घ्या. रबरी बटणांचे मोठे जबडे मात्र राहू द्या, प्लायवर खाच काढून तेच काम निघतं. आणि ग्रीस लावू नका, भुसा बसून आतली चकती जाम होते.