लट्रेल घराण्याची वंशावळ विकत घेताना

ट्रेंट ब्रिजचं क्रिकेट मैदान नॉटिंगहॅमजवळच्या वेस्ट ब्रिजफर्डमध्ये आहे. मी तिथेच राहतो. मध्ययुगात इथली आणि शेजारच्या गॅमस्टनची जमीन लट्रेल घराण्याकडे होती. त्यातला सर जेफ्री लट्रेल (1276–1345) आज ओळखला जातो तो त्याने करवून घेतलेल्या स्तोत्रग्रंथामुळे. त्याच्या समासांत नांगरणी, पेरणी, मळणी यांची अप्रतिम चित्रं आहेत. ग्रंथ ब्रिटिश लायब्ररीत आहे. या नाइटकडे नेमकी कुठली गावं होती, ती घराण्यात कुठून आली आणि पुढे कोणाकडे गेली, एवढंच मला हवं होतं. जुने कागद लॅटिनमध्ये आणि मला लॅटिन येत नाही, म्हणून स्वतःला मध्ययुगीन घराण्यांचा संशोधक म्हणवणाऱ्या एका माणसाची ऑनलाइन जाहिरात पाहून काम दिलं. दोन हप्त्यांत 380 पौंड.

बाड आलं ते देखणं होतं. जाड कागद, घराण्याचं चिन्ह असलेली रंगीत ढाल, वंशवृक्ष, तळटीपा. अशा माणसांची खरी हुशारी इथेच असते. सगळं खोटं लिहिलं तर कोणीही पकडेल. इथे बरीचशी नावं खरी, गावं खरी, सालंही खरी होती, फक्त त्यांची सांधेजोड खोटी होती.

पहिली शंका ढालीवरून आली. स्तोत्रग्रंथात घोड्यावर बसलेल्या जेफ्रीचं चित्र आहे. त्यात ढालीच्या निळ्या पार्श्वभूमीवर रुपेरी तिरपा पट्टा आणि सहा रुपेरी पाखरं आहेत. बाडात मात्र सोनेरी पार्श्वभूमीवर काळा पट्टा आणि काळी पाखरं. ही सॉमरसेटमधल्या डन्स्टरच्या लट्रेलांची ढाल. लिंकनशरमधल्या अर्नहॅमचा जेफ्री त्या शाखेचा नव्हेच. दोन्ही शाखा तेराव्या शतकातच वेगळ्या झाल्या होत्या. पण 'लट्रेल ढाल' असं शोधलं की डन्स्टरचीच समोर येते.

मग वंशवृक्ष नीट पाहिला. त्यात लिहिलं होतं की जेफ्रीचा मुलगा अँड्र्यू याच्या बायकोने 1376 मध्ये डन्स्टरचा किल्ला विकत घेतला. किल्ला घेतला हे खरं, सालही खरं. घेणारी लेडी एलिझाबेथ लट्रेल, विकणारी जोन डी मोहन, किंमत 5000 मार्क (तेव्हाचं हिशेबाचं चलन). पण एलिझाबेथचा नवरा डेव्हनमधल्या चिल्टनचा अँड्र्यू. जेफ्रीच्या मुलाचं लग्न स्क्रोप घराण्यातल्या बिअॅट्रिसशी झालं होतं, तो 1390 मध्ये वारला आणि त्याचं पितळी स्मारक अर्नहॅमच्या चर्चमध्ये आजही आहे. एकाच काळातले, एकाच नावाचे दोन नाइट या गृहस्थाने एक करून टाकले. (व्यवहारात जोनने हयातीपर्यंतचा ताबा स्वतःकडे ठेवला होता आणि ती एलिझाबेथच्या मागे नऊ वर्षं जगली. पैसे मोजणाऱ्या बाईला किल्ला मिळालाच नाही. बाडात या गमतीचा पत्ताही नव्हता.)

जमिनींच्या पानांवर तर कहर होता. नॉटिंगहॅमशरमध्ये गॅमस्टन नावाची दोन गावं आहेत, एक आमच्या शेजारी आणि दुसरं उत्तरेला रेटफर्डजवळ. नकाशावर खूण दुसऱ्यावर! यॉर्कशरमधलं हूटन पॅग्नेल गाळलेलंच. या गावाच्या नावातलं पॅग्नेल म्हणजे ज्या घराण्याच्या लेकीशी लग्न केल्यामुळे लट्रेलांचं नशीब फळफळलं, ते पेनेल घराणं. ते गाळल्यावर जमीन आली कुठून, हा माझा मूळ प्रश्न तसाच राहिला. मुलींकडून जमिनी कशा फिरल्या हे न सांगणारी वंशावळ जवळजवळ निरुपयोगी. पुढे अर्नहॅमची शाखाही अशीच हिल्टन घराण्यात गेली, शेवटच्या पुरुष वारसाच्या हॉविस नावाच्या बहिणीकडून.

पुरावा म्हणता येईल असं सापडलं ते तळटीपेत. राजाकडून थेट जमीन धरणारा माणूस वारला की एस्चीटर नावाचा अधिकारी स्थानिक लोकांना शपथेवर विचारायचा, याच्याकडे कोणती जमीन होती, कोणाकडून, कोणत्या सेवेच्या बदल्यात, वर्षाचं उत्पन्न किती, वारस कोण आणि किती वयाचा. या चौकशा लंडनमधल्या क्यू इथल्या नॅशनल आर्काइव्हजमध्ये राजांच्या क्रमाने लावल्या आहेत. सी 133 पहिल्या एडवर्डच्या काळातल्या, सी 134 दुसऱ्याच्या, सी 135 तिसऱ्याच्या. जेफ्री वारला 1345 मध्ये, म्हणजे तिसऱ्या एडवर्डच्या राज्यात. बाडात त्याच्या चौकशीचा क्रमांक सी 133 ने सुरू होत होता. पहिला एडवर्ड 1307 मध्येच गेला होता.

मूळ कागदाचा फोटो मागितला, तर उत्तर आलं की संशोधनाची गुपितं उघड करता येत नाहीत. यात गुपित कसलं? आर्काइव्हजची सूची ऑनलाइन फुकट आहे, वाचक ओळखपत्र काढून कागद पाहता येतो आणि स्वतःच्या कॅमेऱ्याने फोटोही काढता येतो. बाडातले परिच्छेदच्या परिच्छेद तर सर हेन्री मॅक्सवेल लाइट यांच्या 1909 च्या डन्स्टरवरच्या ग्रंथातून उचललेले निघाले.

एवढं होऊनही त्याच पत्रात पुढची ऑफर होती: 'ब्रिजफर्डचे लॉर्ड ऑफ द मॅनर' (मध्ययुगीन जमीनदाराची पदवी) व्हा, जमीन नोंदणी खात्यात नोंदवून देतो. 13 ऑक्टोबर 2003 नंतर अशी पदवी तिथे नव्याने नोंदवताच येत नाही. शिवाय पदवीबरोबर वीतभरही जमीन येत नाही.

पैसे बँकेतून थेट पाठवले होते. फसवून पाठवायला लावलेले पैसे परत देण्याचा नियम ऑक्टोबर 2024 पासून इथल्या बँकांना लागू आहे, पण त्यातून दिवाणी वाद वगळले आहेत. बाड हातात मिळालं म्हणजे हा मालाच्या दर्जाचा वाद, असं बँकेने कळवलं. क्रेडिट कार्डाने भरले असते तर 100 पौंडांवरच्या खरेदीसाठी 1974 च्या ग्राहक कर्ज कायद्याचं कलम 75 वापरून कार्ड कंपनीकडे पैसे मागता आले असते.

संशोधक नेमायचाच असेल तर 'आग्रा' (AGRA) या वंशावळ संशोधकांच्या, 1968 पासूनच्या व्यावसायिक संघटनेची सभासद यादी पाहा. तिथे आचारसंहिता आहे आणि तक्रार करण्याची सोयही. दुसरा हप्ता देण्याआधी एका कागदाचा पूर्ण क्रमांक मागा आणि तो आर्काइव्हजच्या सूचीत स्वतः टाकून बघा. त्याला लॅटिन लागत नाही.