छोट्या ट्रॅक्टरसाठी ग्रेडर (रस्ता सपाट करायचं अवजार) बनवून घेतला, मुंबईच्या दारूखाना भागातल्या वर्कशॉपचा रिव्ह्यू

गोराईला आमची वाडी आहे, आत जायला मुरुमाचा रस्ता, आणि पावसाळा संपला की दरवर्षी त्यावर खड्डे आणि पाण्याने पाडलेल्या चाऱ्या. घरचा २४ एचपीचा छोटा ट्रॅक्टर आहे पण त्याला मागे लावायला बाजारात सहज मिळतो तो टेरेसर ब्लेड, म्हणजे मागे एकच आडवं पातं, आणि त्याने रस्ता सपाट होत नाही. पुढचं चाक खड्ड्यात गेलं की मागचं पातं वर उचललं जातं, चाक वर चढलं की पातं जमिनीत घुसतं, म्हणजे जुने खड्डे राहतातच वर नवीन लाटा तयार होतात.

म्हणून दोन बाजूंना लांब पट्ट्या आणि मध्ये तिरकी दोन पाती असा ग्रेडर बनवून घ्यायचं ठरवलं. पट्ट्या जमिनीवर घसरत जातात, छोट्या खड्ड्यावरून सरळ पार होतात, त्यामुळे पातं उंचवटा कापतं आणि तीच माती पुढच्या खड्ड्यात पडते.

रे रोड स्टेशनच्या पूर्वेला दारूखान्यात जुनं लोखंड किलोवर मिळतं हे सगळ्यांना माहितीये, तिथल्याच एका वर्कशॉपमध्ये काम दिलं. मिस्त्रींना मी मानतो. पट्ट्या मी ४ फुटांच्या सांगितल्या होत्या, ते म्हणाले "साहेब, ५ करा, लांबी हाच तर सगळा खेळ आहे." १० एमएम प्लेट, १ फूट उंच, दोन मिळून साधारण ७३ किलो भरल्या, आणि हे वजन हवंच, हलका ग्रेडर कडक मुरुमावर नुसता नाचतो. पात्यांसाठी रोड ग्रेडरचे जुने ब्लेड शोधून काढले. घेण्याआधी धारेवर कानस घासून दाखवली, कानस चावलीच नाही, काचेवरून सरकावी तशी घसरली. साध्या प्लेटवर तीच कानस लगेच खरवडत होती. असं दाखवून माल देणारा माणूस मिळत नाही हो.

पाती वेल्ड केली नाहीत, बोल्टने बसवली. वेल्डिंगच्या उष्णतेने कडकपणा जातो आणि शेजारी तडा जाऊ शकतो, शिवाय झिजली की बदलता येतात. भोकं लांबट ठेवलीत त्यामुळे पातं पट्टीच्या खाली किती काढायचं ते आपण ठरवायचं, मी १० एमएमच्या आसपास ठेवतो. फ्रेम टॅक करून (ठिपक्यांचं तात्पुरतं वेल्डिंग) झाली की चौकट काटकोनात आहे ना हे बघायला दोन्ही कर्ण टेपने मोजले, थोडा फरक निघाला तर टॅक तोडून परत जुळवलं, मगच पक्कं वेल्डिंग.

आता तक्रार. रंग फारच घाईत मारलाय, खाली प्रायमर नाही, गोराईच्या खाऱ्या हवेत गंज लगेच दिसायला लागला, मला परत घासून रेड ऑक्साइड प्रायमर मारावा लागला. आणि दिलेली तारीख पाळत नाहीत, मागे लागावं लागतं.

जाणाऱ्यांनी ट्रॅक्टरच्या हिचचं (मागे अवजार जोडायचे तीन दांडे) माप स्वतः घेऊन जा. कॅटेगरी १ ला (हिचचा ठरलेला साइज) खालची पिन २२ एमएम आणि टॉप लिंकची (वरचा मधला दांडा) १९, पण छोट्या ट्रॅक्टरमध्ये खालच्या दोन लिंकमधलं अंतर कमी असू शकतं, नुसतं कॅटेगरी सांगून भागत नाही. टेम्पो भाईंदर-उत्तनवरून फिरवून आणावा लागतो, बोरिवलीकडून बोटीने हे धूड येणार नाही, ते भाडं आधीच धरा.

चालवताना हायड्रॉलिकचा लिव्हर पूर्ण खाली सोडून ग्रेडर मोकळा ठेवायचा आणि टॉप लिंक अशी लावायची की पट्ट्या पुढे-मागे सारख्या टेकतील. मुरूम किंचित ओलसर असताना चालवा, रस्ता इतका छान बसतो की बघत राहावं. कामाला पाच, रंगासाठी एक स्टार कमी.