जुन्या आर्केड कॅबिनेटच्या कडेला काय लावायचं: टी-मोल्डिंग, एज बँड की सागाची पट्टी?

आधी कॅबिनेटची, म्हणजे व्हिडिओ गेमच्या त्या उभ्या पेटीची, कड बघा, दुकानात नंतर जा. जुनी पट्टी सुटलीय तिथे मधोमध खाच दिसतेय का? असेल तर विषय जवळजवळ संपला, ते कॅबिनेट टी-मोल्डिंगसाठीच (टी आकाराची प्लास्टिकची पट्टी, मागची जीभ खाचेत बसते) बनलंय, त्यावर दुसरं काही चिकटवत बसू नका. गेम पार्लरवाल्याने इथल्याच सुताराकडून प्लायमध्ये ठोकून घेतलेलं असेल तर खाच नसेलही, आणि खरा प्रश्न तिथेच येतो.

टी-मोल्डिंग भारी का, तर गोंदाची भानगड नाही. मागच्या जिभेला दाते असतात, रबरी हातोडीने ठोकली की खाचेत रुतून बसते आणि पुढे कधी रंग बदलावासा वाटला तर ओढून काढायची, प्लाय शाबूत. फक्त दोन मापं जुळायला हवीत. रुंदी सहसा पाऊण इंच म्हणजे १९ मिमी नाहीतर ५/८ इंच म्हणजे १६ मिमी, आणि खाच १/१६ किंवा ३/३२ इंचाची. आता आपल्याकडचा प्लाय घोळ घालतो, १९ चा म्हणून आणलेला कॅलिपर लावला की बरेचदा १८ च भरतो. त्यावर बाहेरून १ मिमीचा सनमायका लावला की १९ होतात, झकास, पण मग खाच नुसत्या प्लायच्या मध्यावर मारायची नाही, मायकासकट जी जाडी होते तिच्या मध्यावर मारायची, नाहीतर आतल्या बाजूला पट्टी अर्धा मिमी बाहेर डोकावते आणि बाहेरच्या बाजूला मायकाची कड तेवढीच उघडी राहते, येताजाता कशाला तरी अडकून टवके उडणार. मायका दोन्ही बाजूंनी असेल तर २० होतात, पट्टी कमी पडते.

वळणावर बाहेरच्या गोलाईला जिभेतून व्ही आकाराचे तुकडे कापून टाका, नाहीतर ती आत गोळा होते आणि पट्टी उचलली जाते. आतल्या गोलाईला नुसत्या चिरा पुरतात. पट्टी तासभर गच्चीवर उन्हात ठेवली की नरम पडते, पण ताणून बसवू नका, नंतर आखडते आणि जोडावर फट दिसते. सुरुवात खालून करा म्हणजे जोड लपतो. खाच किंचित सैल वाटली तर जिभेवर मास्किंग टेपचा थर द्या. पावसाळ्याच्या ओलीने खालचा एमडीएफ (लाकडाच्या भुशाची दाबून केलेली फळी, काही कॅबिनेट प्लायऐवजी याची असतात) फुगून भुगाच निघत असेल तर मात्र एपॉक्सी भरून, सुकल्यावर परत खाच मारण्याला पर्याय नाही.

पीव्हीसी एज बँड, म्हणजे कडेवर चिकटवायची प्लास्टिकची सपाट पट्टी, स्वस्त, ओशिवरा असो की रे रोड, प्लायवाल्याकडे मिळून जातो, १८-१९ मिमीच्या कडेला २२ मिमीचा घ्यायचा आणि जास्तीचा तासायचा. खाच नको, राउटर (खाच मारायचं मशीन) नको, आणि सोसायटीत दुपारी दोन ते चार राउटर चालवून बघा म्हणजे हा किती मोठा फायदा आहे ते कळेल. ०.८ मिमीचा वळतो छान पण गुडघे आणि खुर्च्यांचा मार सोसत नाही, २ मिमीचा सोसतो पण बारीक गोलाईवर गरम करूनही कुरकुर करतो. शिवाय घरी हाताने कॉन्टॅक्ट अ‍ॅडेसिव्हने चिकटवला तर कोपरे सुटायची भीती असतेच, आणि तो उपटताना प्लायचा पापुद्रा घेऊन येतो.

सागाची पट्टी सरळ कडांना मजबूत, पण आर्केडची बाजू म्हणजे नुसती वळणं, आणि पॉलिश केल्यावर ते कपाट वाटायला लागतं. मी नाही लावणार.

खाच नसलेल्या कॅबिनेटला माझं मत असं: बाजूच्या फळ्या तशाही बदलायच्या असतील तर सुताराच्या वर्कशॉपमध्येच खाच मारून टी-मोल्डिंग लावा, फळ्या जुन्याच ठेवायच्या असतील तर २ मिमीचा एज बँड. काहीही घेतलं तरी दोन्ही बाजूंच्या कडा दोरी फिरवून मोजा आणि मीटरभर जास्तच मागवा, टी-मोल्डिंग तर सहसा ऑनलाइनच मागवावी लागते आणि दुसऱ्या लॉटचा रंग जुळेलच असं नाही.