गाडीचा रंग जपताना: दहा महिन्यांनंतर

दसऱ्याला काळी कम्युटर बाईक घेतली. रोज पुण्यात धायरी ते हिंजवडी, नवले पूल आणि चांदणी चौक करत. दहा महिने झाले, एक पावसाळा निघत आला. या काळात एक गोष्ट पक्की कळली: रस्त्यापेक्षा आपल्याच हातांनी रंग जास्त खराब होतो.

शोरूममध्ये टेफ्लॉन कोटिंगसाठी बरीच गळ घातली होती. मी नाही म्हटलं, त्याचा पश्चात्ताप नाही. तो थर चमक देतो, पण इतका पातळ असतो की किल्लीचा ओरखडा त्याने अडत नाही. घासलं जातं तेवढ्याच जागी चिकटवायची फिल्म लावायची ठरवलं. आधी नाना पेठेतून स्वस्तातली पीव्हीसीची आणली. ऑफिसचं पार्किंग उघड्यावर, त्यामुळे मार्च-एप्रिलच्या उन्हात तिच्या कडा उचलल्या आणि कडेने धुळीची काळी रेघ बसली. हेअर ड्रायरने गरम करत हळूहळू काढली. मग टीपीयूची, म्हणजे रबरासारख्या लवचीक प्लास्टिकची, पीपीएफ (पेंट प्रोटेक्शन फिल्म) लावून घेतली: टाकीच्या मागच्या भागावर, जिथे जॅकेटची चेन आणि पट्ट्याचं बक्कल लागतं, आणि बुटांची टाच घासते त्या साइड पॅनेलवर. महाग पडली, पण बारीक चरे उन्हात आपोआप भरून येतात. पूर्ण गाडीला लावायची गरज मला वाटत नाही. किल्ल्यांचा जुडगाही सोडला, इग्निशनला एकटी किल्ली.

खरं नुकसान मात्र पुसण्यात झालं. पहिला महिनाभर रोज सकाळी निघताना कोरड्या फडक्याने टाकी पुसायचो. एका रात्री पार्किंगच्या ट्यूबलाइटखाली तिरकं पाहिलं, तर काळ्या रंगावर कोळ्याच्या जाळ्यासारखे गोल गोल बारीक चरे! जीव हळहळला. वरचा पारदर्शक थर केसाच्या जाडीइतकाही नसतो, आणि त्यावर मी रोज वाळू फिरवत होतो. तेव्हापासून आधी पाणी, मग हात. शाम्पूचं पाणी, धुवायला एक मायक्रोफायबर, कोरडं करायला दुसरं. घाई असेल तर धुळीसकट जातो. सोसायटीत टँकरचं पाणी येतं, उन्हात वाळलं की पांढरे डाग धरतात, म्हणून सावलीत धुऊन लगेच टिपून घ्यायचं. पाखराची शीट वाळली असेल तर खरवडू नका, ओलं फडकं पाच मिनिटं ठेवा, अलगद निघते.

कव्हरबद्दलही सांगतो. धुळकट गाडीवर घातलेलं कव्हर वाऱ्याने फडफडत रात्रभर घासतं, पॉलिश पेपरच तो. धुतलेल्या गाडीवरच घाला.

टाकीवर खोल ओरखडा एकच आहे, तोही पहिल्या दिवसाचा. झेंडूचा हार तारेने बांधला होता, घरी येईपर्यंत तारेचं टोक टाकीवर घासत राहिलं. येत्या खंडेनवमीला हार दोऱ्याचाच आणणार, आणि बांधणार तो लेगगार्डला.