घुघरा की करंजी: पहिल्यांदाच घरी करणाऱ्यांसाठी

बडोद्यातील मराठी घरांत दिवाळीच्या आठ-दहा दिवस आधी हा प्रश्न हमखास निघतो, आणि बहुधा तो अशा मंडळींकडून येतो ज्यांनी आईच्या किंवा सासूच्या हाताखाली कधी फराळ केलेला नसतो: यंदा घरी करायचेच ठरवले आहे, तर करंजी करावी की गुजराती घरांतला घुघरा? दोन्हींचा आकार एकच, दोन्हींत गोड सारण, दोन्ही मंद आचेवर तळायचे. त्यामुळे बाहेरगावच्या पाहुण्यांना हा नुसता नावाचा फरक वाटतो. मी दोन्ही करून पाहिले आहेत. दांडिया बाजारातल्या आमच्या जुन्या घरात आईने आयुष्यभर करंज्या केल्या, तिच्या पश्चात सहा-सात दिवाळ्या मी तिच्याच प्रमाणाने त्या करत राहिलो, आणि त्यानंतर काहीशा अपराधी मनाने घुघऱ्यांकडे वळलो. तेव्हा पुढील मजकूर पूर्णपणे निःपक्षपाती आहे असा माझा दावा नाही. मात्र दोन्हींची बाजू प्रामाणिकपणे मांडण्याचा प्रयत्न जरूर आहे.

ओल्या नारळाची करंजी मी या तुलनेत धरलेली नाही. ती गणपतीत करावी, त्याच दिवशी खावी आणि फार तर दुसऱ्या दिवशीच्या सकाळच्या चहापर्यंत संपवावी. हिवाळ्यात तुरीचे ओले दाणे आले की गुजराती घरांत जे तिखट घुघरे होतात, तेही येथे नकोत. प्रश्न डब्यात भरून ठेवण्याच्या दिवाळीच्या पदार्थाचा आहे, म्हणजे एकीकडे करंजीसाठी सुके खोबरे, खसखस, थोडा भाजलेला रवा आणि पिठीसाखर यांचे सारण, तर दुसरीकडे घुघऱ्यासाठी तुपात खमंग भाजलेला रवा, काजू-बदामाची भरड, वेलची, जायफळ आणि असल्यास थोडा मावा.

चवीपुरते बोलायचे तर करंजीला तोड नाही, हे आधीच कबूल करून टाकतो. साट्याची, म्हणजे पाऱ्यांमध्ये तूप-पिठाचा लेप लावून पदर काढलेली, करंजी चांगली जमली की तिचे पदर चिरोट्यासारखे सुटतात, भाजलेल्या खसखशीचा आणि खोबऱ्याचा वास डबा उघडताच येतो, आणि दाताखाली ती अशी विरते की घुघऱ्याची साधी मैद्याची पारी तिच्यापुढे थोडी भाबडी वाटावी. घुघऱ्याचे सारण भरदार असते. दोन खाल्ले की पोट भरते. करंजीचे तसे होत नाही, पाचवी कधी संपली ते कळत नाही. केवळ खाण्याचा प्रश्न असता तर हा लेख येथेच संपला असता, पण प्रश्न करण्याचा आहे.

करण्याची सुरुवात बाजारापासून होते. रवा, मैदा, तूप आणि सुकामेवा कोपऱ्यावरच्या दुकानात मिळतो आणि त्यात फसगत होण्याचा संभव कमी असतो. खोबऱ्याच्या वाट्यांचे तसे नाही. खंडेराव मार्केटकडे जाऊन मी दर वर्षी वाट्या निवडून आणत असे, आणि तरीही एखादी वाटी आतून पिवळट आणि खवट निघे. अशी एक वाटी किसात गेली की संपूर्ण सारण बिघडते, म्हणून प्रत्येक वाटीचा कोपरा तोडून चाखल्याशिवाय किसणीला हात लावू नये. तयार मिळणारा डेसिकेटेड खोबऱ्याचा भुरा वापरून हा त्रास टळतो खरा, परंतु त्याला खोबऱ्याचा खरा वास नसतो. तो भाजताना पटकन करपतो आणि करंजीत भुसा भरल्यासारखा लागतो. हे माझे मत आहे. अनेक घरांत तोच वापरतात आणि कोणी तक्रार करत नाही.

आता पारीविषयी. करंजीसाठी रवा-मैदा दुधात घट्ट भिजवून दोन तास झाकून ठेवायचा, मग कुटून मऊ करायचा, साटा लावून गुंडाळी करायची, लाट्या कापायच्या आणि प्रत्येक लाटी पदर दिसतील अशी हलक्या हाताने लाटायची. दुधामुळे पारी लवकर तांबूस होते, त्यामुळे आचेवर सतत लक्ष ठेवावे लागते. घुघऱ्याला मैदा, कडकडीत न करता नुसते पातळ केलेले तुपाचे मोहन आणि पाणी एवढेच पुरते. मोहन मैद्याला चोळल्यावर मुठीत मुटका वळला पाहिजे आणि बोटाने दाबताच फुटला पाहिजे, ही एकच खूण लक्षात ठेवली की झाले. अर्धा किलो मैद्याला मी साधारण सव्वाशे ग्रॅम तूप घेतो, आणि मध्यम आकाराचे चाळीस-पंचेचाळीस घुघरे होतात.

एवढ्यावरूनही निर्णय करंजीविरुद्ध जाऊ नये. श्रम दोन्हींना आहेत आणि दिवाळी श्रमाशिवाय होत नाही. माझा निर्णय ज्या गोष्टीने झाला ती याहून फारच लहान आहे, आणि ती म्हणजे करंजीच्या कडेवर सांडणारे सारण.

खोबऱ्याचे सारण कोरडे आणि सुटे असते. चमचाभर सारण पारीच्या मध्यावर ठेवले की ते ढिगासारखे पसरते, आणि पारी दुमडताना त्यातले चार कण, दोन खसखशीचे दाणे आणि किंचित पिठीसाखर नेमकी तेथे जाऊन बसते जेथे वरची कड खालच्या कडेला चिकटायची असते. डोळ्यांना ते दिसत नाही. कडेला दूध लावलेले असते, बोटाने दाबलेले असते, कातण, म्हणजे कड कापायची नक्षीदार चाकी, फिरवलेली असते, करंजी ताटात ओल्या फडक्याखाली अगदी शहाण्यासारखी पडून असते. मग ती कढईत जाते, आतली वाफ वाट शोधू लागते, आणि जेथे साखरेचा तो कण अडकला आहे तेथेच कड सुटते. अनारसा तळणीत हसतो असे आपण म्हणतो. करंजी हसत नाही, ती उकलते आणि सगळे पोट कढईत रिकामे करते.

ज्यांनी हे पाहिलेले नाही त्यांना यात एका करंजीचेच नुकसान वाटेल. वास्तविक नुकसान पुढच्या सगळ्या घाण्यांचे होते. सांडलेली साखर तळाशी जाऊन जळते, खसखस आणि खोबऱ्याचा कीस काळा पडून तेलभर तरंगतो, आणि नंतर सोडलेल्या प्रत्येक करंजीच्या पोटाला ते काळे ठिपके चिकटतात. तेल गाळल्याशिवाय गत्यंतर नसते, आणि गाळायचे तर गॅस बंद करून ते निवण्याची वाट पाहावी लागते. तोपर्यंत लाटून भरून ठेवलेल्या करंज्या वरून सुकतात, सुकल्या की कडा आणखी सुटतात, आणि मग पुढच्या घाण्यात एकीच्या जागी दोन उकलतात. माझ्या शेवटच्या करंजीच्या दिवाळीत बत्तीसपैकी सात उकलल्या. हा आकडा मला पाठ आहे, कारण त्या रात्री तीन वेळा तेल गाळून साडेअकराच्या सुमारास मी त्या सात वेगळ्या ताटलीत मांडून मोजल्या होत्या. आईच्या किती उकलत असत ते आठवत नाही. एखादी उकललीच तर ती ओट्याशीच आमच्या तोंडात जात असल्यामुळे आम्हा मुलांना तो बहुधा लाभच वाटत असावा.

यावर उपाय करून पाहिले नाहीत असे नाही. सारणाला बांधून ठेवण्यासाठी एका वर्षी त्यात पातळ तूप घातले, तर ते तळताना वितळून पारीत मुरले आणि करंज्या तेलकट झाल्या. पुढच्या वर्षी दुधाचा हबका मारला. सारण छान एकजीव झाले, पण डबा चार दिवसांत संपवावा लागला. सारण कमी भरले की कड स्वच्छ राहते, मात्र मग करंजी हातात घेताच खुळखुळ्यासारखी वाजते, आणि खुळखुळणारी करंजी पाहुण्यांपुढे ठेवण्यापेक्षा फुटलेली परवडली.

घुघऱ्याच्या सारणाची गोष्ट निराळी आहे. तुपात भाजलेला रवा पूर्ण निवल्यावर त्यात पिठीसाखर मिसळली की ते सारण मुठीत दाबून राहते. रवा कोमट असताना साखर घातली तर ती पाझरते आणि सारण चिकट होते, एवढे मात्र सांभाळावे. मी आता सारणाचे बोटभर लांबीचे मुटके आधीच वळून ताटात मांडून ठेवतो आणि पारी लाटली की एकेक मध्यावर ठेवतो. कडेला कणही लागत नाही. माझी बोटेसुद्धा कोरडी राहतात, आणि कोरडी बोटे ही पुढच्या कामासाठी फार महत्त्वाची असतात.

पुढचे काम म्हणजे कांगरी, अर्थात घुघऱ्याच्या कडेची दोरीसारखी पिळदार घडी. नवशिक्यांना तीच भीती वाटते, आणि ती भीती अगदीच खोटी नाही. आमच्या शेजारच्या बेन गप्पा मारता मारता, घुघऱ्याकडे न पाहता, बोटे चालवतात आणि कड सोन्याच्या गोफासारखी उमटत जाते. मी पहिल्या दिवशी तासाभरात अकरा केले, आणि त्यांतले चार कानाच्या पाळीसारखे दिसत होते. बेननी ताट पाहिले, हसू आवरले आणि एवढेच म्हणाल्या, ‘अंगूठो ओछो, आंगळी वधारे.’ अंगठ्याने दाबण्याचा जोर कमी करून कडेची चिमूट तर्जनीने आत वळवायची, अंगठा फक्त टेकवायचा, आणि वळलेल्या घडीच्या अर्ध्या भागावर पुढची चिमूट घ्यायची. कागदावर हे क्लिष्ट वाटते. हाताला ते विसाव्या घुघऱ्यापर्यंत कळते. घड्या एकीवर एक बसत असल्यामुळे कड दुहेरी बंद होते, आणि गेल्या पाच दिवाळ्यांत माझा कढईत सुटलेला घुघरा मला एकच आठवतो. तोही कांगरीने दगा दिला म्हणून सुटला नाही. पारी मीच नको तितकी पातळ लाटली होती आणि ती पोटातून फाटली.

येथे एक आक्षेप रास्त आहे. अशी घडी आपल्याकडे नाही असे थोडेच आहे? मुरड घालणे हा शब्द आपलाच आहे, आणि लेक सासरी निघाली की तिने पुन्हा माघारी यावे म्हणून मुरडीचा कानवला करण्याची रीतही आपलीच. मग करंजीला कातण फिरवण्याऐवजी मुरड घालावी, घुघऱ्याच्या दारात जाण्याचे कारण काय? मी तेही करून पाहिले. साध्या पारीच्या करंजीला मुरड उत्तम बसते, पण कोरडे सारण घडीत शिरायचे ते शिरतेच. साट्याच्या पारीला तर ती माझ्या हाताने नीट बसतच नाही, कारण पदरांमध्ये तूप असल्यामुळे घडी धरून राहण्याऐवजी घसरते. कुशल हातांना हे जमत असेल. आमची आईसुद्धा मुरडीच्या फक्त पाच करत असे, नैवेद्यापुरत्या, आणि त्यांना साटा लावत नसे.

साच्याचे नाव काढणाऱ्यांना मी निरुत्साही करू इच्छित नाही, परंतु त्याची कड जाड राहते, ती तळून होईपर्यंत पोट लाल होते, आणि पोट नेमके झाले तेव्हा काढली तर कड कच्ची लागते. शिवाय साच्यात दाबतानाही सारण कडेला येतेच. मुलांना मदतीला घ्यायचे असेल तर मात्र साचा बरा.

टिकण्याच्या बाबतीत दोघांत फारसे डावे-उजवे करता येणार नाही. मावा न घातलेले घुघरे घट्ट झाकणाच्या डब्यात आमच्याकडे पंधरा दिवस सहज राहतात, करंज्याही राहत. मावा घातला की आठवड्याच्या आत संपवावे, आणि मावा गुलाबीसर होईपर्यंत कोरडा भाजून घ्यावा. खर्चाचा हिशेब मी केलेला नाही. काजू-बदाम किती घालायचे यावरच तो अवलंबून आहे.

तेव्हा ज्यांच्या घरी खोबरे किसायला एक आणि कढईपाशी उभे राहायला दुसरा असे निदान दोन जाणते हात आहेत, आणि ज्यांना त्या पदरांचा मोह सुटत नाही, त्यांनी करंजी जरूर करावी. माझ्या लिहिण्याने ती सोडू नये. एकट्याने, संध्याकाळी कामावरून येऊन, पहिल्यांदाच करणार असाल, तर मला वाटते घुघरा अधिक सांभाळून घेतो. पहिल्या खेपेला पाव किलो मैदाच घ्यावा आणि पहिले दोन घुघरे तळून, थोडे निववून, मोडून पाहावेत.

मी स्वतः यंदाही घुघरेच करणार आहे. फक्त पाच पाऱ्या बाजूला ठेवीन, त्यांत आईच्या प्रमाणाचे खोबऱ्याचे सारण भरीन, जमेल तशी मुरड घालीन आणि त्या सगळ्यांत शेवटच्या घाण्यात सोडीन, म्हणजे उकलल्याच तर मागे बिघडायला काही उरलेले नसेल.